रविवारी आलेला दसरा

माझ्या नणंदबाई, लताताई, सात वर्षं आमच्या बेसमेंटमध्ये राहिल्या. हे वाक्य मी पूर्वी लोकांना ऐटीत सांगायचे. "नणंदेला सांभाळते हो रेखा," असं अमेरिकेत ग्रँड रॅपिड्समधल्या मराठी बायका म्हणायच्या आणि मी विनयाने मान खाली घालून ते ऐकून घ्यायचे. कोण कोणाला सांभाळत होतं ते मला चांगलं ठाऊक होतं.

लताताई माझ्या नवऱ्यापेक्षा, गिरीशपेक्षा, नऊ वर्षांनी मोठ्या. नागपूरला वडील गेल्यावर त्यांनी लॅबमध्ये नोकरी धरली, गिरीशला इंजिनिअर केलं, धाकट्या बहिणीचं लग्न लावून दिलं आणि या गडबडीत स्वतःचं राहून गेलं ते गेलंच. शहात्तर साली गिरीशने त्यांना इकडे आणलं तेव्हा आमची सुनेत्रा वर्षाची होती आणि मी नोकरी शोधत होते. ताईंना हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पहाटेची शिफ्ट मिळाली. म्हणजे दुपारी दोनला त्या घरी हजर. पुढचं सांगायलाच नको. सुनेत्रा बेबीसिटरविना वाढली आणि मी ऑफिसातून दमूनभागून यायचे ती थेट गरम आमटीच्या वासात.

त्यांची खोली म्हणजे बेसमेंटचा एक कोपरा. एका बाजूला बॉयलर, दुसऱ्या बाजूला आमच्या रिकाम्या सुटकेसेस आणि मध्ये दांडीवर अडकवलेला फुलाफुलांचा पडदा. तिथे पार्टिशन घालून दार बसवायचं असं गिरीश दर उन्हाळ्यात म्हणायचा. छताला टेकलेली एक खिडकी होती, ती बाहेर लॉनच्या पातळीवर उघडायची. तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय दिसायचे. "बुटांवरून मला आता माणूस ओळखता येतो," असं ताई हसून सांगायच्या आणि आम्हीही हसायचो.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांना घरी यायला उशीर होऊ लागला. विचारलं तर म्हणाल्या, "दोन स्टॉप आधी उतरते. जरा चालते." ते दोन स्टॉप आधीचं म्हणजे डच लोकांची जुनी वस्ती. त्यांचे आजे-पणजे हॉलंडहून येऊन इथल्या फर्निचरच्या कारखान्यांत लागलेले. विटांच्या तीन मजली इमारती, घासूनपुसून लख्ख पायऱ्या आणि उंच खिडक्या.

"रेखा, अगं ते लोक पडदे ओढतच नाहीत," ताई एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. "संध्याकाळी दिवा लावतात आणि तस्सेच बसतात. रस्त्यावरून सगळं दिसतं. टेबल, फुलं, पेपर वाचणारे आजोबा. लपवायचं काहीच नाही."

"चोरांची सोय," मी म्हटलं.

त्यांनी लाटणं थांबवलं. "मला एक अपार्टमेंट विकत घ्यायचंय तिथे. खिडकीत पाटी बघितलीय. तू मला ड्राइव्ह करून नेशील?"

चव्वेचाळीस वर्षांची एकटी बाई घर काय घेते, लोक काय म्हणतील, हे मी गिरीशला ऐकवलं. पण खरं सांगते, मनात पहिला प्रश्न हाच आला होता, की तीन वाजता सुनेत्राला घ्यायला कोण जाणार? गिरीश नेहमीप्रमाणे "बघू" म्हणाला. मी गाडी काढली ती ताईंचा हा नाद एका फेरीत उतरेल अशा हिशेबाने.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. मालकीणबाई मिसेस वीनस्ट्रा, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, उंच, ताठ, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्या कलामझू गावी मुलाकडे राहायला जाणार होत्या. एक बेडरूम, लहानसं किचन आणि पुढच्या खोलीत जवळजवळ जमिनीपर्यंत आलेली खिडकी. खाली रस्ता, रस्त्यावर मेपलची झाडं, आणि आख्खी माणसं, डोक्यापासून पायापर्यंत. ताई त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि हलेचनात. देवळाच्या गाभाऱ्यात माणूस जसा आवाज खाली आणतो तशा आवाजात त्यांनी विचारलं, "या भिंतीत खिळा मारला तर चालेल?"

म्हातारीला प्रश्नच कळला नाही. "भिंत तुझी झाल्यावर विचारणार कुणाला?"

ताईंच्या अंगावर सरसरून काटा आलेला मी पाहिला. एका खिळ्यावरून! मला तेव्हा हसू आलं होतं, हेही कबूल करते.

मिसेस वीनस्ट्रांची अट एकच होती. रविवार देवाचा म्हणून पाळायचा. त्या दिवशी व्हॅक्युम नाही, हातोडा नाही, जिन्यावरून सामानाची ने-आण नाही, कसलाही व्यवहार नाही. शेजाऱ्यांना त्यांनी तसा शब्द दिला होता. त्यांच्या चर्चमधलं एक नवं लग्न झालेलं जोडपंही घर बघून गेलं होतं. "आठवड्याभरात ज्याचा निरोप आधी येईल त्याच्याशी कागद करीन," म्हातारी म्हणाली.

आणि इथे लताताईंनी जी चूक केली ती आपलाच माणूस करू जाणे. घर घ्यायचं तर ते मुहूर्तावर, म्हणून चार दिवस कॅलेंडर घेऊन बसल्या. दसरा जवळ आला होता. साडेतीन मुहूर्तांतला एक, कोणाला काही विचारायला नको. त्यांनी आनंदाने फोन लावला. "मी घर घेते आहे. सोळा तारखेला सकाळी चेक घेऊन येते. त्याच दिवशी सही करू."

मग म्हातारीचा आवाज मला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ऐकू आला. "सोळाला रविवार आहे. मी काय सांगितलं होतं ते तू ऐकलंच नाहीस." फोन खाली ठेवल्याचा आवाज झाला.

ताई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तिथी बघताना वार बघायचा राहून गेला होता. अट ऐकून आठवडा व्हायच्या आत त्यांनी ती मोडायची वेळही ठरवून टाकली होती.

"ताई, पुन्हा फोन कर, सॉरी म्हण, सोमवारी जा," गिरीश म्हणाला.

"आता काय तोंडाने करू?" एवढंच त्या बोलल्या आणि खाली गेल्या. पडद्याच्या कड्या दांडीवर सरकल्या. मी ओटा पुसत होते आणि मला हलकं वाटत होतं. आपण किती हलके आहोत हेही त्याच क्षणी कळत होतं, पण वाटायचं ते वाटतच होतं.

दसऱ्याच्या सकाळी ताई वर आल्या त्या मोरपंखी साडी नेसून. हातात पर्स नव्हती. होती फक्त एक कागदी पिशवी. आपट्याचं झाड मिशिगनमध्ये कुठून यायचं? पण हॉस्पिटलच्या मागे एक झाड त्यांनी शोधून ठेवलं होतं, त्याची पानं पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची, आपट्याची चुलत बहीण शोभावी अशी. दरवर्षी तीच आमचं सोनं.

"मला तिकडे सोड, रेखा. आज बस नाही."

"कशाला? अपमान करून घ्यायला?"

"माफी मागायला. आणि दसऱ्याला वडीलधाऱ्यांना सोनं द्यायचं असतं. इथे मला वडीलधारं दुसरं आहे कोण?"

वस्तीत असा शुकशुकाट की गाडीचं दार लावायचीही मला भीती वाटली. चर्चहून परतणारी कुटुंबं काळ्या कोटांत फुटपाथवरून चालली होती, मुलंसुद्धा हळू बोलत होती. आख्खं गाव एका दिवसापुढे असं हात जोडून उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

दार उघडताच म्हातारीचे ओठ मिटले. "मी सांगितलं होतं, रविवारी नाही."

ताईंनी दोन्ही हात पुढे केले. "माझ्याकडे चेक नाही, पेन नाही. मी घरासाठी आलेच नाही. तुमचा दिवस मी विसरले, त्याची माफी मागायला आले. आज आमचाही दिवस आहे, या दिवशी जे करू ते टिकतं म्हणतात. आज आम्ही मोठ्यांना ही पानं देतो आणि त्याला सोनं म्हणतो." पान देऊन त्या वाकल्या. यांचं काहीतरी खाली पडलं असावं असं वाटून म्हातारीही शोधायला वाकली आणि दोघींची डोकी एकमेकींवर आपटता आपटता वाचली. मग म्हातारी पहिल्यांदा हसली.

आम्हाला आत बसवून तिने कॉफी दिली. एक पवनचक्कीच्या आकाराचं बिस्किट मला, एक ताईंना, आणि डब्याचं झाकण बंद. आग्रह नाही, काही नाही. मी मनातल्या मनात नाक मुरडत होते तेवढ्यात तिने माझ्याकडे मोर्चा वळवला.

"ही तुमच्याकडे सात वर्षं राहते ना? आवाज करते का?"

सगळं माझ्या जिभेवर आलं. रविवारी आमच्याकडे पंधरा माणसं जेवायला असतात, ताई मिक्सर लावतात, असं एक वाक्य टाकलं असतं तरी पुरे होतं. ते खोटंही नव्हतं. मी तोंड उघडलं आणि आठवू लागले. माणसं माझी होती. मिक्सर माझा होता. ताईंचा स्वतःचा आवाज? रेडिओ, गाणं, कधी रडणं, भांडणं? मला एकही आठवेना.

"सात वर्षांत," मी म्हणाले, "मी तिचा आवाज ऐकला नाही."

बोलले आणि माझं मलाच कसंतरी झालं. ताई कपात बघत होत्या. म्हातारीने ते पान उचलून उजेडात धरलं.

"आज जे करता ते टिकतं, असं तुम्ही मानता?"

"हो," ताई म्हणाल्या.

"पन्नास वर्षांत या इमारतीत जो राहायला आला त्याने मला सांगितलं, 'मिसेस वीनस्ट्रा, रविवार म्हणजे एक सुट्टीचा वार.' स्वतःचा दिवस घेऊन माझ्या दारात आलेली तू पहिली." ती उठली. "आज मी काही विकणार नाही, कशावर सही करणार नाही. पण शब्द देणं हा व्यवहार नाही. तो रविवारी चालतो. त्या जोडप्याचा निरोप आला नाही, तुझा आला होता. हे घर तुझं. कागद उद्या करू." आणि ते पान तिने आपल्या जाडजूड बायबलमध्ये ठेवून दिलं.

लताताई रडल्या. मोठ्याने, हुंदके देऊन, त्या शांत इमारतीत, रविवारच्या दुपारी. म्हातारीने त्यांना गप्प केलं नाही. मी तर थक्क होऊन बसले होते. सही नाही, साक्षीदार नाही, दोन अनोळखी बायका, आणि घर दिलं गेलं होतं. दसऱ्याच्या मुहूर्तावर.

नोव्हेंबरच्या शेवटी ताई राहायला गेल्या. सुनेत्राने "व्हाय कान्ट शी स्टे?" म्हणून दोन दिवस धुमसून घेतलं. मी तिला शाळेनंतरच्या आफ्टरस्कूल पाळणाघरात घातलं, आमटी करायला शिकले, कुणी मेलं नाही.

पहिला बर्फ पडला त्या संध्याकाळी डबा घेऊन मी तिकडे गेले. गाडीतून उतरले आणि वर बघितलं. दिवा लागलेला होता, पडदे उघडे होते. लताताई खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या, पाय स्टुलावर, हात मांडीवर. भाजी निवडत नव्हत्या, उसवलेलं शिवत नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या. मागच्या भिंतीवर आईवडिलांचा फोटो लावला होता, खिळा मारून. सात वर्षांत मी या बाईला असं नुसतं बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि आता ते रस्त्यावरून कुणालाही दिसत होतं. मी किती वेळ बर्फात उभी राहिले कोण जाणे.

मग जिना चढले. दारावर त्यांचं नाव होतं, खाली बेल. बेलवर बोट ठेवलं आणि हात अडला. आमच्याकडे मी दिवसातून दहा वेळा तो पडदा सरकवून आत शिरायचे. टकटक करायला तिथे काही नव्हतंच.

मी बेल वाजवली.

"कोण आहे?" आतून आवाज आला. खणखणीत.

"मी रेखा. आत येऊ का?"

"थांब हं जरा," लताताई म्हणाल्या.

मी दाराबाहेर थांबले.