आधी तिका

तुमच्या घरात रोज सगळ्यांत शेवटी कोण जेवतं आणि तेव्हा भांड्यात काय उरलेलं असतं, हे तुम्ही कधी उठून स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं आहे का?

उत्तराची घाई नाही. तोवर एका माणसाबद्दल सांगतो. हॉटेलात बशी पुढ्यात आली की तो ती हाताच्या मागच्या बाजूने हळूच पलीकडे सरकवायचा. झोपलेलं मांजर बाजूला करावं तशी. आणि म्हणायचा, "आधी तिका."

ती म्हणजे त्याची बायको.

तो गलबतावरचा तांडेल होता. सगळे खलाशी ज्याच्या शब्दावर शीड चढवतात आणि उतरवतात, तो. नारळी पौर्णिमेनंतर दर्यावर जायचा तो उन्हाळा सरता सरता परत यायचा. पावसाळ्यात गलबत माडांच्या झावळ्यांखाली शाकारून ठेवलं की त्याला काम नसे. मग आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी तो बायकोला आणि दोन मुलींना घेऊन मालवणच्या पेठेतल्या भाऊंच्या हॉटेलात यायचा. इतकंच. यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण त्या काळात आमच्याकडे बायकोला घेऊन हॉटेलात जाणारा माणूस एक तर मुंबईहून आलेला असे, नाही तर वाया गेलेला. हा दोन्ही नव्हता.

हॉटेलासमोरच्या छापखान्यात मी खिळे जुळवायचं काम करत होतो. माझं बालपण पत्रकांवर गेलं. वडील चळवळीतले. घरात तांदळाच्या डब्याखाली पत्रकं, गादीखाली पत्रकं. मी अक्षरं ओळखायला शिकलो ती 'बंधूंनो' या शब्दावरून. 'भगिनींनो' नंतर यायचं, आणि पुढे छापखान्यात लागल्यावर कळलं की ओळीत जागा कमी पडली की आधी तेच गाळलं जातं. पावसाळ्यात हॉटेलात एकच टेबल असं होतं की ज्यावर छप्पर गळत नसे. ते पडद्याला लागून होतं. तिथे बसून मी चहा घेत मुद्रितं तपासायचो, म्हणून हे सगळं मला ऐकू आलं.

पडदा म्हणजे हिरवट कापडाचा, खाली चिखल लागून काळा झालेला. त्याच्यामागे एक टेबल, दोन बाकं, आणि वर पाटीवर खडूने लिहिलेलं 'फॅमिली'. बायामाणसांनी तिथे बसायचं. मला त्या पडद्याची चीड होती. एकदा तांडेल हात धुवायला बाहेर आला तेव्हा मी म्हटलं, "तांडेलानू, तुमी बाहेर बसा. वयनीक घेवन. फाडून टाकूया ह्यो पडदो."

तो हात पुसत माझ्याकडे पाहत राहिला. "तुका पडदो दिसता," तो म्हणाला. "माका ताट दिसता." आणि आत गेला.

मला त्याचा राग आला. तडजोड करणाऱ्या माणसांचा मला तेव्हा फार लवकर राग यायचा.

आत काय चालायचं ते सांगतो. भाऊ उसळ-पावाच्या आणि भज्यांच्या बश्या आणून ठेवायचे. पहिली बशी रीतीप्रमाणे पुरुषापुढे. ती सरकायची. "आधी तिका." मग सुरू.

"खा गो."

"तुमी खावा."

"तू घास घेतल्याशिवाय मी हात लावचंय नाय."

"लोक काय म्हणतले?"

"पडद्याआड खंयचे लोक?"

"चेडवां आसत मां."

मुली खुदकन हसायच्या. त्यांनी आपल्या बश्या केव्हाच पावाने पुसून साफ केलेल्या असत आणि आता त्यांचा डोळा आईबापांच्या भज्यांवर असे. वाटाण्याच्या उसळीवरचा तवंग हळूहळू थिजायचा. भाऊ पडद्याबाहेरून विचारायचे, "तांडेलानू, उसळ परत गरम करून हाडू?"

"हाड."

आणि ते बश्या घेऊन जायचे. जाताना माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायचे. दुसऱ्यांदा गरम झाली की थोरली मुलगी कंटाळून शर्यतीतल्यासारखं म्हणायची, "आता." आणि दोघं एकाच वेळी घास तोंडात घालायची. दर बाजाराला असंच सुटायचं ते. तांडेल मात्र हे सुटणं मानत नसे. बाहेर येऊन माझ्याजवळ विडी पेटवताना म्हणायचा, "माका एकदा तिका आधी जेवताना बगूचा आसा. एकदाच. मी समोर आसताना."

त्याच्या गलबतावरचे खलाशीही कधीकधी हॉटेलात असत. दर्यावर त्याच्या नजरेला घाबरणारी माणसं जमिनीवर आली की जिभेची दोरी सोडत. एक जण पडद्याच्या दिशेने मोठ्याने म्हणाला, "तांडेलानू, सुकाणू बायलेच्या हातात दिल्यात म्हणतत."

तांडेल बाहेर आला. मला वाटलं आता ठिणगी पडणार. तो बाक ओढून त्यांच्यात बसला.

"गलबतार जेवान झाला की भांडारी आधी कोणाक वाढता?"

"सुकाणावर जो आसा तेका."

"कित्याक?"

"तेका हात सोडूक गावणा नाय. मागसून दिल्यार तेका उरलेलाच गावतला."

"मगे," तांडेल म्हणाला, "मी सगळो उन्हाळो दर्यार. घराचा सुकाणू कोणाच्या हातात रे? मी खंय दिलंय? तिच्याच हातात होता."

खलाशी हसले, पण त्या टेबलावरून तो विषय पुन्हा निघाला नाही. मी मात्र ते वाक्य लिहून ठेवलं नाही, पत्रकात घातलं नाही. पत्रकात असली वाक्यं बसत नाहीत. तिथे मोठ्या अक्षरांत 'समता' हा एक शब्द हवा असतो.

त्याच पावसाळ्यात आमची एक सभा होती. स्त्रियांच्या हक्कांवर. मी त्याला बोलायला बोलावलं.

"माका बोलूक येणा नाय," तो म्हणाला. मग थोडा विचार करून, "सभेत चाय आसतली?"

"आसतली."

"आधी कोणाक देतलास?"

"अध्यक्षांका."

"आणि चाय करतली कोण?"

तो हसला नाही, टोमणाही मारला नाही. "बरी होवंदे सभा," म्हणाला. सभा बरी झाली. टाळ्या पडल्या. अशा टाळ्या मी इतक्या ऐकल्या आहेत की आता त्यांचा आवाज कौलांवरच्या पावसासारखा वाटतो. ऐकू येतो, पण मान वर होत नाही.

तुम्ही विचाराल, हे सगळं त्याने घरीच का केलं नाही? मीही विचारलं होतं. घरात त्याची म्हातारी आई होती. तिच्या राज्यात आधी पुरुष, मग मुलं, मग ती, आणि चुलीची राख सारून झाल्यावर सून. "आवशीसमोर माझी जीभ उचलणा नाय," तो सरळ म्हणाला. "म्हणान हाटेल."

दर बाजाराला निघताना तो आईलाही विचारायचा. एकदा मी छापखान्यातलं काही द्यायला त्याच्या घरी गेलो होतो, तेव्हा ऐकलं.

"आये, येतंस?"

"हाटेलातला पाणी मी पिवचंय नाय. जावा तुमी. थंय म्हणे बायल आधी जेवता."

"तू ये. आधी तुका."

म्हातारी सूप पाखडत होती. तिचा हात थांबला. "माका कोणी आधी वाढला नाय रे," ती म्हणाली. "सासयेन नाय, तुझ्या बापाशीन नाय. मी मरान गेलंय? तिका कित्याक आधी होया?" आणि पुन्हा सूप हलायला लागलं.

मी त्या दिवशी मनात म्हातारीवर एक जळजळीत लेख लिहिला. आज तिच्या त्या थांबलेल्या हाताचीच आठवण राहिली आहे.

तांडेल परतताना तिच्यासाठी कागदात बांधून कांदाभजी न्यायचा. ती म्हणायची, ठेवा तिथे, पोरांना होतील. "आजी दाराआड खाता," असं धाकटीने एकदा भर हॉटेलात जाहीर केलं, आणि तांडेल इतका हसला की त्याला ठसका लागला.

आता तो दिवस. आषाढ होता, लावणी चालली होती. त्याच्या घरामागे भाताचा लहानसा तुकडा होता, तो बायकोच लावायची. त्या दिवशी ती शेतातून थेट बाजारात आली होती. पायांवर पोटरीपर्यंत चिखल, हात पाण्याने पांढरेफटक पडलेले. मुली बांगड्यांच्या दुकानाशी रेंगाळल्या होत्या. दोघंच पडद्याआड गेली. भाऊंनी बश्या ठेवल्या. नेहमीसारखी बशी सरकल्याचा आवाज आला. मी 'खा गो' ची वाट पाहत होतो.

काहीच ऐकू आलं नाही.

मान वर केली तर पडद्याच्या कडेला तांडेलाचा हात दिसला. त्याने पडद्याची कड आतून घट्ट मुठीत धरून खांबाशी दाबून ठेवली होती. वारं होतं; कापड फडफडत होतं. तो ते उघडू देत नव्हता. भाऊ किटली घेऊन आले, तसा तो हात क्षणभर सुटला, दोन बोटांनी त्यांना जा म्हणून खूण केली, आणि पुन्हा पडद्यावर गेला. आतून फक्त पाव तोडल्याचा आणि बशी टेबलावर किंचित हलल्याचा आवाज येत होता. भुकेलं माणूस जेवतं तसा. घाईचा.

हॉटेलातल्या सगळ्यांनी आपापल्या बशीत नजर घातली. खलाशांनीही.

पुष्कळ वेळाने तिचा आवाज आला. दचकलेला. "अगो बाय. तुमी खाल्ल्यात नाय?"

"खातंय," तांडेल म्हणाला. "गरम आसा अजून."

उसळ गरम नव्हती. मला माहीत होतं, भाऊंना माहीत होतं. पण त्याने परत पाठवली नाही.

जो पडदा मी फाडायला निघालो होतो तो त्याने असा धरून ठेवला होता. पडदे असू नयेत, असं मी आजही म्हणतो. त्या मतात बदल नाही. पण त्या मुठीला काय म्हणावं हे मला अजून सापडलेलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात तांडेल गेला. दर्यावर नाही, घरातच. छातीत कळ आली, वैद्य येईपर्यंत संपलं. नारळी पौर्णिमा जवळ आली होती आणि गलबताच्या झावळ्या काढायला सुरुवात झाली होती.

बाजाराचा दिवस आला. फॅमिलीत दुसरं कोणी बसलं. विधवा बाई हॉटेलात कशी येणार? पेठेत कोणी तसं बोललं नाही, बोलायची गरजच नव्हती. मी बोललो. छापखान्यात बोललो, सभेत बोललो, घरी बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला फार थकल्यासारखं झालं. एवढी पत्रकं जुळवली, एवढी शाई बोटांना लागली, आणि एका बाईची एक बशी आमच्याकडून टेबलावर जाईना.

काही बाजार असेच गेले. मग एके दिवशी भाऊंनी मला हाक मारली. डब्यात उसळ, कागदात पाव आणि भजी. "तांडेलाच्या घरी देवन ये," म्हणाले. "गरम आसा तवसर पोच."

मी गेलो. दुपार होती. दार उघडंच होतं. थोरलीने माझ्या हातातून डबा घेतला, दोन ताटल्यांत उसळ काढली आणि आत ठेवली. तिची आई भिंतीशी बसली होती. समोर म्हातारी. एक ताटली रीतीप्रमाणे आजीपुढे गेली.

म्हातारीने ती बघितली. सुपावर असायचा तोच हात. हाताच्या मागच्या बाजूने तिने ताटली सुनेकडे सरकवली.

"आधी तिका," ती म्हणाली. नातीला उद्देशून, की कोणाला, कळलं नाही.

सुनेने ताटली परत सरकवली. "तुमी खावा."

"खा गो."

"तुमी आधी. तुमका कोणी वाढला नाय कधी."

"तू खाल्लंस की मी."

उसळ थिजायला लागली. धाकटी माझ्याकडे बघून तोंड दाबून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. थोरली उठली. मला वाटलं, आता ती म्हणते. 'आता.' पण ती दाराशी आली, माझ्याकडे पाहिलं.

"दादा, तुमी जावा," म्हणाली. आणि दार लोटून घेतलं. आतून हाताने दाबून धरलं असावं, कारण वाऱ्याने ते हललं नाही.

आधी कोणी घास घेतला, मला माहीत नाही.

आता माझ्या पहिल्या प्रश्नाकडे या. हे वाचून घडी घालून ठेवू नका. घड्या घातलेली पत्रकं माझ्याकडे पुष्कळ आहेत. आज तुमच्या घरात जी शेवटी बसते तिचं ताट तुम्ही स्वतः वाढा, सगळ्यांच्या आधी. ती म्हणेल, तुम्ही बसा. तुम्ही आपल्या ताटाला हात लावू नका. तिने पहिला घास घेईपर्यंत थांबा. आमटी गार झाली तर उठून गरम करून आणा. दुसऱ्यांदा झाली, तर दुसऱ्यांदाही.