गिऱ्हाइकासाठी पाडलेली खिडकी

कर्जतला आमच्या शेजारी एक कारकून राहायचे. धुरानं डोळे चुरचुरतात म्हणून बायको वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात खिडकी मागायची. "आपल्यालाच तर राहायचंय गं!" एवढंच त्यांचं उत्तर.

लढाईच्या दिवसांत बॉम्बच्या भीतीनं मुंबईकर विकत घ्यायला घरं शोधत आले, तेव्हा या गृहस्थांनी आठ दिवसांत स्वयंपाकघराच्या भिंतीत खिडकी पाडली, भिंतींना चुना दिला. भिंत काळी होऊ नये म्हणून बायकोची चूल परसात हलवली.

घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकानं तिला विचारलं, "वहिनी, घर हवेशीर आहे ना?"

"मला काय ठावं? वारा आत आला नि मला भायेर काढली," ती चुलीपुढून म्हणाली.

"हिला बोलायची रीतच नाही," कारकून हसत कुंपणावरून मला म्हणाले.

घर विकलं गेलं. निघताना त्यांनी मला नमस्कार केला. मी केला नाही.