चिंचेखालचा दगड आणि लोटन आबांचं तोंड

लोटन आबांनी आयुष्यात कुणाला कुठलंही काम आपल्या हातानं पुरं करू दिलेलं नाही. हे त्यांच्या दुष्मनांचं मत नाही, मंजुळाबाईंचं आहे, आणि मंजुळाबाई म्हणजे त्यांची बायको. समोरचा माणूस दोरी वळत असो, मोटारसायकलला किक मारत असो की नुसता पायात बूट चढवत असो, आबांच्या तोंडून पहिले शब्द येणार, "असं नई." मग हात पुढे येणार आणि दोरी, मोटारसायकल किंवा बूट त्यांच्या ताब्यात जाणार. चाळीसगावच्या दवाखान्यात टोचायला आलेल्या नर्सबाईंना सुई कशी धरावी ते त्यांनी सांगितलं होतं. पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटजींना दम कुठे घ्यावा तेही सांगितलं होतं, आणि भटजी बिचकून नेमके तिथेच अडकले होते.

मंजुळाबाईंनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. सकाळच्या चहात त्या साखर टाकायची मुद्दाम विसरतात. आबा पहिल्या घोटाला चूक काढतात, त्या साखर टाकतात, आबांचं समाधान होतं आणि बाकीचा स्वयंपाक त्यांना बिनबोभाट करता येतो.

एका बाबतीत मात्र आबांचा अधिकार अख्खा तालुका मानतो. ती म्हणजे भरीत. थंडी पडली की आपल्याकडे शेताशेतांत भरताच्या पार्ट्या सुरू होतात. खानदेशात भरीत न येणारा माणूस सापडणार नाही, आणि दुसऱ्यानं केलेलं भरीत पसंत पडलेलाही सापडणार नाही. तरी आबा आले की सगळे मागे सरकतात. हिरवंगार वांगं तळहातावर तोलायचं, हलकं ते निवडायचं, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, लाकडी बडगीत मिरची-लसूण आधी ठेचायचा, कांद्याची पात शेवटी टाकायची. आमदारांच्या पार्टीलाही आबांनी जाळापाशी दुसऱ्याला बसू दिलं नाही, असं आबाच सांगतात.

आबांचं शेत गावाबाहेर चाळीसगावच्या रस्त्याला लागून आहे. कोपऱ्यावर जुनी चिंच आणि चिंचेखाली एक सपाट दगड. आबांचे वडील त्या दगडावर बसायचे, पुढे आबा बसायला लागले. तिथून रस्ता दिसतो, विहीर दिसते, शेजाऱ्याचं शेत दिसतं, म्हणजे चुकणारी माणसं चारी दिशांना दिसतात. आबांना यापेक्षा सुंदर जागा जगात ठाऊक नव्हती.

चिंचेचा तो कोपरा त्यांनी पलकला आपणहून दिला, तेव्हा म्हणूनच लोक चक्रावले. पलक म्हणजे चाळीसगावच्या इंदरचंद शेठची सून. शेठचं कापडाचं दुकान, आणि आबांच्या घरची सगळी लग्नं त्याच दुकानातल्या कापडावर लागलेली. पलक लहान मुलांच्या शिक्षणाचं पुण्याला शिकून आली होती, आणि तिला बालवाडी काढायची होती, पण खोलीत नाही. तिला झाड, माती, पाणी आणि सावली हवी होती. तिथं फळा नसणार, गणवेश नसणार, ओळीत बसणं नसणार. मुलानं सकाळी येऊन काय करायचं ते मुलानंच ठरवायचं. मोठ्यांनी जवळ बसायचं, बघायचं आणि थांबायचं. मूल विचारत नाही तोवर सांगायचं नाही, हात मागत नाही तोवर हात द्यायचा नाही. पडलं-झडलं, भाजलं-कापलं तर धावायचं, एरवी आपली हुशारी खिशात ठेवायची.

हे सगळं तिनं आबांना नीट समजावून सांगितलं. आबांनी मानही डोलावली. पण त्यांच्या कानात त्यातलं एकच गेलं, की काहीही न येणारी पंचवीस-तीस पोरं रोज सकाळी आपल्या दगडापाशी येणार. घरच्यांना सांगून झालं होतं, गावाला सांगून झालं होतं, आता हा ताजा माल आयता दारात येत होता. आबांनी त्याच दिवशी कोपरा साफ करायला घेतला.

बालवाडीचं नाव 'चिंचतळ' ठेवलं. भोवती काट्यांचं कुंपण आलं, पाल्यानं शाकारलेलं एक झाप उभं राहिलं, आणि गावातल्या कुंदाबाई पलकच्या मदतीला ताई म्हणून आल्या. गावानं बालवाडीला चिखलाची शाळा म्हणून टाकलं. टपरीवाला झुलाल तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा की तिथं पोरांना माती खायला शिकवतात, वर परीक्षाही घेत नाहीत. तरी पोरं आली, कारण सकाळी एकदा सोडली की ती दुपारपर्यंत रडत नव्हती. आबांची नात रत्नाही आली. जन्मदाखल्यावर तिचं नाव काहीतरी नवं आहे, पण ते आबांना उच्चारता येत नाही, म्हणून ती पणजीच्या नावानं रत्ना.

पहिल्या आठवड्यात आबा दगडावर हजर होते आणि त्यांनी कामाची शर्थ केली. कुणी मातीचा बैल करत होतं, त्याची शिंगं आबांनी बदलली. कुणी चिंचेवर चढायला धडपडत होतं, त्याला उचलून थेट फांदीवर बसवलं. दोघं मिळून एक खड्डा खणत होती, तो आबांनी कुदळ आणून कमरेइतका खोल करून दिला, आणि मग पोरं त्यात पडू नयेत म्हणून स्वतःच बुजवला. एक पोरगी चाळणीत पाणी भरून न्यायचा प्रयत्न सकाळपासून करत होती आणि खूप खूश होती. आबांनी तिला बादली आणून दिली. तिनं बादलीकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

आठवडा संपता संपता 'चिंचतळ'मध्ये एकच खेळ उरला. पोरं हातातली वस्तू घेऊन दगडापुढे रांगेत उभी राहायची आणि एका सुरात म्हणायची, "आबा, करी दे ना." जी ओळ पलकनं मोडली होती, ती आबांनी आपोआप लावून दिली होती.

शनिवारी मुलं गेल्यावर पलक आबांजवळ येऊन बसली. व्यापाऱ्याच्या घरची सून, तिनं आवाज चढवला नाही.

"आबा, ही मुलं आता तुमची गिऱ्हाइकं झालीत," ती म्हणाली. "त्यांना स्वतःचं काही सुचेनासं झालंय. तुम्ही थोडे दिवस कुंपणाबाहेर बसाल का? एक सकाळ कुणाला काही न सांगता काढता येईल असं वाटलं, की या. हा दगड तुमचाच आहे."

शेत आपलं, चिंच आपली, दगड बापाचा, आणि बसायचं कुंपणाबाहेर. दुसरा कुणी असता तर त्यानं जागा परत मागितली असती. आबांनी मागितली नाही, कारण दिलेला शब्द परत घेणं त्यांच्या घराण्यात नव्हतं, आणि दुसरं म्हणजे रत्नानं त्यांच्याशी अबोला धरला असता. ते काट्यांच्या या बाजूला प्लास्टिकची खुर्ची टाकून बसू लागले. झुलालनं येऊन विचारलं, आबा, नापास झाले का? इंदरचंद शेठ मोटारीतून जाताना काच खाली करून म्हणायचे, "लोटनभाऊ, बाहेर ऊन तर नाही ना लागत?" खुर्चीवरून चिंच दिसायची, दगडही दिसायचा, आणि दगडावर हल्ली एक बकरी बसायची. बकरी कुणाला काही सांगत नव्हती.

असा दिवाळीनंतरचा महिना गेला. मग एके दिवशी पोरांनी शेजारच्या शेतात लोंबणारी वांगी पाहिली आणि भरीत करायचं ठरवलं. दोन-तीन दिवस ती त्यावरच बोलत होती. पलकला विचारलं, तर तिलाही येत नव्हतं. जैन घरात वांगं शिजत नाही, तिनं ते कधी हातातही धरलं नव्हतं. हिच्यासारखी ताई मुलांना दुसरी मिळाली नसती, कारण सांगायचं मनात आणलं असतं तरी सांगण्यासारखं तिच्यापाशी काही नव्हतं. तिनं ठरवलं, त्या दिवशी मुलांच्या घरच्या आणि ओळखीच्या मोठ्या माणसांनाही बोलवावं. जाळ कुंदाबाई सांभाळतील आणि पाण्याची बादली घेऊन शेजारी बसतील, बाकी सगळं मुलं करतील. मोठ्यांना एकच अट. मुलांनी विचारल्याशिवाय जो त्यांना काही सांगेल, त्यानं मुकाट्यानं कुंपणाबाहेर जायचं.

मग ती खुर्चीपाशी आली आणि म्हणाली, "आबा, बुधवारी बसून बघता का दगडावर?"

आबांना कळलं की हीच परीक्षा, आणि तीही भरताची. त्यांनी होकार दिला आणि त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. गावात तर झुलालनं शेवभाजीची पैज लावली, की आबा पहिल्या वांग्यालाच बाहेर. त्याच्या विरुद्ध पैज घ्यायला कुणी तयार होईना, शेवटी एकट्या मंजुळाबाईंनी घेतली. बुधवारी सकाळी त्यांनी आबांच्या तोंडात अख्खी सुपारी ठेवली आणि सांगितलं की बोलावंसं वाटलं तर चावा.

आबा दगडावर बसले. बकरी नाराजीनं उठून गेली. शेजारी इंदरचंद शेठ, पलीकडे नवीन नावाचा आबांचा मुलगा, मग झुलाल, मग शेवंताबाई नावाच्या एक तोंडाळ आजी, आणि धुळ्याहून खास आलेले योगेंद्र सर. हे सर बालशिक्षणावर भाषणं देत, आणि मोठ्यांनी मौन कसं पाळावं हा त्यांचा खास विषय होता.

पोरांनी पऱ्हाट्या आणल्या, त्यांत अर्ध्या ओल्या. धुराचा लोट उठला. झुलालला दोन मिनिटंही दम निघाला नाही. वारा कुठून येतोय ते बघा रे, असं तो बोलून गेला आणि पहिला बाहेर पडला तो पैज लावणाराच. पोरांनी वांग्यांना तेल लावलं, आणि थोडं एकमेकांच्या गालांनाही लावलं. नवीन उठून म्हणाला की आधी टोचा, नाहीतर फुटतील. नवीन बाहेर. एक वांगं खरंच फटकन फुटलं, पोरं आनंदानं नाचली आणि आता दुसरं कधी फुटतं म्हणून वाट बघत बसली. शेवंताबाईंनी वांग्याचा देठ कसा धरायचा ते सांगायला तोंड उघडलं, आणि जाता जाता सगळी कृतीच सांगून गेल्या. योगेंद्र सर डोळे मिटून शांत बसले होते. पण पोरांनी बडगीत मिरच्या टाकल्या तेव्हा त्यांचे डोळे उघडले. सर मूळचे शिंदखेड्याचे, तिखटावर वाढलेले. "अजून दोन टाका," ते हळूच म्हणाले, आणि मग स्वतःच चपला शोधू लागले.

आत दोघंच उरले. शेठना काही अडचणच नव्हती. त्यांनी जन्मात भरीत खाल्लं नव्हतं, ते सर्कस बघावी तसे रंगून बघत होते. आबांनी मात्र दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. समोर एक वांगं एका अंगानं कोळसा होत होतं आणि दुसऱ्या अंगानं कच्चं राहत होतं. एकानं कांद्याची पात सगळ्यांत आधी टाकली. दुसऱ्यानं लसूण सालीसकट. सुपारीचा कडकन आवाज झाला, शेठनी दचकून पाहिलं. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुराचं म्हणावं तर वारा तिकडचा नव्हता.

तेवढ्यात रत्ना बडगीतला घास बोटावर घेऊन सरळ दगडापाशी आली.

"आबा, मीठ कमी शे का?"

म्हणजे मुलानं विचारलं. आता नियमानं सांगता येत होतं. पलक जागीच थांबली. आबांनी घास खाल्ला. मीठ कमी कसलं, मीठ नव्हतंच. उभ्या हयातीचा सल्ला सुपारीच्या तुकड्यांसकट ओठांवर आला, आणि त्याच क्षणी कुंपणावरून गिल्ला उठला. बाहेर काढलेली सगळी मंडळी काट्यांवर ओणवी झाली होती. कुणी म्हणत होतं चमचाभर टाक, कुणी म्हणत होतं आधी दाणे कूट, योगेंद्र सर मिरचीवरच होते, शेवंताबाईंनी कृती पुन्हा पहिल्यापासून धरली होती. रत्ना एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे, आणि तिचं तोंड बारीक होत चाललं. तिचं पुढे केलेलं बोट हळूच मागे गेलं.

त्या गलक्यात आबांना एक आवाज ओळखीचा वाटला. 'असं नई, असं नई' म्हणणारा. तो नवीनचा होता, पण चाल थेट आबांची होती. आपण कसे ऐकू येतो हे त्यांनी साठ-पासष्ट वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

ते दगडावरून उठले आणि कुंपणाकडे तोंड करून सगळ्यांनाच म्हणाले, "गप बसा रे बठ्ठा. पोरं करी राह्यनात ना."

गिल्ला थांबला. मग ते रत्नाकडे वळले. "तू चाखीसन देख. तुले काय वाटस?"

रत्नानं बोट चाटलं, विचार केला, आणि मिठाच्या बरणीकडे धूम ठोकली.

झुलालनं कुंपणाबाहेरून लगेच हरकत घेतली. आबा बोलले, आबांनी सल्ला दिला, आबा बाहेर. निवाडा इंदरचंद शेठकडे गेला. शेठनी जन्मभर गिऱ्हाइकांची भांडणं मिटवली होती. ते म्हणाले, अट मुलांनी विचारल्याशिवाय मुलांना न सांगण्याची होती. मोठ्यांना सांगू नये असं कुठे ठरलंय? लोटनभाऊंनी मोठ्यांना सांगितलं, आणि मुलीला तर तिचं तिलाच विचारलं. पलक हसली आणि म्हणाली, दगड आबांचा. पैजेचा निकाल बघायला कुंपणाशी आलेल्या मंजुळाबाईंनी तिथल्या तिथे झुलालला शेवभाजी जरा झणझणीत करायला सांगितलं.

भरीत एका बाजूनं करपलेलं, दुसऱ्या बाजूनं कच्चं, लसणीच्या साली दातांत येणारं आणि मिठानं आता खारट झालेलं होतं. आबांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर ते दोनदा मागून घेतलं आणि एक अक्षर काढलं नाही. घरी गेल्यावर मात्र त्यांनी मंजुळाबाईंना ओल्या पऱ्हाट्यांपासून सगळं सांगायला सुरुवात केली, आणि त्या हूं हूं करत भाकरी थापत राहिल्या.

आता आबा रोज सकाळी दगडावर असतात. पोरं त्यांच्यासमोर चाळणीत पाणी भरतात, उलट्या शिंगांचे बैल करतात, आणि आबा बघत राहतात. त्यांना सुपारी फार लागते, एवढंच. पण कुणी नवे आई-बाप कुंपणाशी येऊन पोराला काही सांगू लागले, की आबा उठतात, त्यांना बाजूला घेतात आणि मुलांना सांगायचं कसं नाही, हे तासभर समजावून सांगतात. परवा योगेंद्र सर आले होते. त्यांनी मौनावरच्या भाषणात नवं काय घातलंय ते आबांना ऐकवलं.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असं नई, सर."