पळाल तर कलम वाढेल

निवृत्त शिक्षिकेच्या पडवीत लोणची मुरतात, असा समज आहे. पिपरी मेघेतील माझ्या पडवीत किस्से मुरतात! समोरच्या खोलीत माझी भाची मीनल वकिली करते, आणि तिच्या अशिलांना दार लावण्याची शिस्त मला अद्याप लावता आलेली नाही.

मीनल प्रत्येकाला बजावते, "मूळ गुन्हा चिल्लर असतो. अटकेच्या वेळी झटापट केली, की नवे कलम लागते. दोन वर्षांपर्यंत कैद!" ऐकतो कोण?

केळझरकडच्या एका पुढाऱ्यांनी जमावबंदी मोडून सभा भरवली. समज देऊन सोडलेही असते; परंतु कार्यकर्त्यांदेखत इभ्रतीचा प्रश्न! हवालदार किसनला (हा माझाच विद्यार्थी) ढकलून ते गरजले, "मले हात लावून दाखव!"

किसनने लावला.

गाडीत बसताच पुढाऱ्यांच्या छातीत कळ आली. किसन नम्रपणे म्हणाला, "दवाखान्यात नेतो साहेब, पण तिथं फोटोवाले नाईत." कळ तत्काळ थांबली!

दुसरे एक निवृत्त प्राध्यापक. शेजाऱ्याशी मारामारी केली होती. पोलीस न्यायला आले, तेव्हा त्यांनी विजेच्या खांबाला मिठी मारली आणि पोलिसांना लाथा झाडत ते ओरडत राहिले, "मी आपणांस पूर्ण सहकार्य करीत आहे!" वाक्य निर्दोष होते. गुन्हा तरीही दाखल झाला.

या सर्वांवर कडी केली टेम्पोचालक बंडूने. तोही माझाच विद्यार्थी, किसनच्याच वर्गातला. आपला जिल्हा दारूबंदीचा. आणि हा व्याह्यांच्या पाहुणचारासाठी नागपूरहून बाटली घेऊन आला! किसनने पकडताच त्याला धक्का देऊन बंडू तुरीच्या शेतात पळाला. किसनने शांतपणे त्याला फोन लावला.

"हॅलो, मी घरी नाई!"

"मंग कुठं हायेस बे?"

"तुरीत!"

बाटलीसोबत अटकेला विरोध केल्याचे कलमही चिकटले. जामीन मिळाला. पुढे लेकीच्या लग्नाच्या धावपळीत तो कोर्टाची तारीख विसरला आणि अटक वॉरंट निघाले. लग्न सोमवारी! मांडवातून उचलून नेले, तर कन्यादान कोण करणार? बंडू माझ्या पडवीत ढसाढसा रडला.

मीनल कडाडली, "आता पळालात, तर जामीन विसरा! उद्या माझ्यासोबत कोर्टात चला."

बंडूने त्यातले पहिले वाक्य तेवढे ऐकले. शुक्रवारी सकाळी मीनलला न सांगता, डबा आणि चादर घेऊन तो ठाण्यात हजर झाला.

"किसनभाऊ, अटक कर."

"साहेब बंदोबस्तात हायेत. सोमवारी येजो."

"सोमवारी पोरीचं लगन हाय! आजच कर!"

"अबे, घरी जाय ना!"

बंडूने किसनची कॉलर धरली. "कसा करत नाई अटक, तेच पाहतो!"

दोन बटणे तुटली. अटक झाली; शासकीय कर्मचाऱ्यावर बळाचा वापर, हे आणखी एक कलम लागले.

दुपारी मीनल कोर्टात धावली. जामीन मिळाला, सोमवारी कन्यादानही यथासांग झाले. अक्षता टाकायला मी स्वतः गेले होते. किसनही नव्या बटणांचा सदरा घालून पंगतीत बसला होता.

त्या शुक्रवारी दुपारी कोर्टात न्यायाधीशांनी कागद वाचून किसनला विचारले होते, "आरोपीने याही वेळी अटकेला विरोध केला का?"

किसन सावधान उभा राहिला. "नाई साहेब. आम्ही विरोध केला. आरोपीनं बळजबरी केली!"