मानवतचं लग्न आणि न आलेले मालक

शीतलच्या लग्नाला ऑफिसातले पाच जण जाणार होतो. एकेक करत चौघं गळाले आणि उरले मी. मला लग्नांचा कंटाळा नाही, पण शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी बाईचा धाक आहे. ती तिसऱ्या वाक्याला नवऱ्यापाशी पोचते. माझा घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली, आणि तेवढ्या काळात मी सहा लग्नं बुडवलीत. शीतलचं बुडवणं शक्य नव्हतं. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला ती अर्धी रजा टाकून माझ्यासोबत बसली होती.

पुण्याहून संध्याकाळची गाडी पकडली. स्लीपर चारशेच्या आसपास. लग्नसराईत तिकीट महिनाभर आधी काढा. सकाळी मानवत रोडला उतरले. नावावर जाऊ नका, स्टेशनपासून गाव बरंच लांब आहे. शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, तोवर बाहेरच्या गाड्यावर सुशीला खा. भिजवलेले मुरमुरे, हिरवी मिरची, दाण्याचा कूट, वर लिंबू. वीस रुपयांत दुपारपर्यंत बघायला नको.

मंगल कार्यालयात मी मुद्दाम मागची, कोपऱ्यातली खुर्ची धरली. दोन मिनिटांत शेजारी शीतलची आत्या येऊन बसली. झरी गावच्या कावेरीआत्या, साठीच्या, आवाज खणखणीत.

"तुमी कुणीकडून, ताई?"

"मुलीकडून. एका ऑफिसात आहोत."

"पुण्याहून? लय लांब की! मालक न्हाई आले?"

झालं. घाबरून तोंडातून निघून गेलं, "त्यांचं जरा पोट बिघडलंय."

मला वाटलं, विषय संपला. तो तिथून सुरू झाला. "लय दुखायलंय का? काल काय खाल्लं होतं?" मी वडापाव म्हणाले. मागच्या काकूंनी मान पुढे घातली आणि वडापावला निर्दोष सोडून पुण्याच्या पाण्याला धरलं. एकीनं ओवा सांगितला, दुसरीनं डाळिंबाची साल. नवरदेवाकडच्या पाहुण्यांत एक डॉक्टर निघाले. आत्यांनी हाक मारल्यावर बिचारे मुठीत अक्षता घेऊनच आले.

"जुलाब किती झाले?"

"चार," मी म्हणाले. आता मागे फिरायची सोय नव्हती.

"फोन लावा. मी बोलतो त्यांच्याशी."

मी मोबाइल हातात घेतला आणि नुसतीच बघत राहिले. सात-आठ जणी माझ्याभोवती वाकल्या होत्या. एकीच्याही तोंडावर चौकशीखोर हसू नव्हतं. त्यांना खरंच काळजी लागली होती, आणि त्या काळजीपुढे माझं खोटं टिकेना.

"आत्या, मला नवरा नाही. तीन वर्षं झाली, आम्ही वेगळे झालो."

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं.

"आँ? मग पोट कुणाचं दुखायलंय?"

आधी डॉक्टर हसले, मग सगळी रांग. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं. आत्यांना ते कळलं असावं. अक्षता पडल्यावर त्यांनी माझा हात धरून उठवलं. "चला, पंगत बसायलीय."

वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी, मठ्ठा. वाढपी थांबतच नव्हते आणि आत्याही. भाडं किती, एकटीला स्वयंपाकाचा कंटाळा येतो का, सगळं विचारून झालं. शेवटी मी म्हटलं, "आत्या, तुम्ही सगळ्यांना मालकांचंच का विचारता?"

त्या पुरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "माझे मालक गेल्यापासून मला कुणी काईच इचारत न्हाई. मग मीच इचारत सुटते."

"काय करायचे ते?"

त्यांनी घास खाली ठेवला. मालक एसटीवर ड्रायव्हर होते, सेलू-परभणी. आत्या माहेरी जाताना मुद्दाम त्यांचीच गाडी गाठायच्या, आणि हा माणूस कंडक्टरला सांगायचा, "त्या बाईंचं तिकीट फाडा." बोलता बोलता पंगत उठली, तरी त्यांची बुंदी तशीच होती.

संध्याकाळी एसटीनं परभणीला आले (बायकांना अर्धं तिकीट), तिथून रेल्वेनं पुणे.

परत येऊन चार दिवस झाले आणि नाशिकच्या मामीचा फोन आला. नातवाची मुंज आहे, किती जण येणार?

"एकटीच येतेय, मामी."

ती घुटमळली. पूर्वी अशा वेळी मी घाईनं भलताच विषय काढत असे.

"विचार ना," मी म्हटलं.