तिसरी हाक

आमच्या वन्सं घरबसल्या जगभरच्या शिव्या खातात, आणि त्याही फुकट. मी असं म्हटलेलं त्यांना आवडत नाही. पण यात खोटं काय आहे?

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. हल्ली नणंदेला वन्सं कोणी म्हणत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा चेष्टेने म्हणायला लागले आणि तेच चिकटलं. त्यांनी लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही, आणि ज्यांची झाली त्यांना उत्तर मिळालं नाही. वरच्या मजल्यावरची खोली त्यांची. तिथे एक टेबल, दोन स्क्रीन आणि एक खुर्ची. कोपर टेकून टेकून खुर्चीच्या हाताची सालं निघाली होती, म्हणून मी त्याला पडद्याच्या उरलेल्या कापडाची खोळ घालून दिली आहे. मी खाली बसून लोकांचे पडदे शिवते. वरून कीबोर्डची टकटक, खालून माझ्या मशीनची धडधड. आमचे हे कामावरून आले की चपला काढताना विचारतात, "घर आहे का कारखाना?"

वन्संना पूर्वी चांगली नोकरी होती. ती सोडली आणि एक लायब्ररी सांभाळत बसल्या. पुस्तकांची नव्हे, शेजारच्या बाई एकदा वर्गणी विचारायला आल्या होत्या, त्यांनाही हेच सांगावं लागलं. ही लायब्ररी म्हणजे प्रोग्रामचा एक तयार तुकडा. दोन मशीनना एकमेकांशी बोलायचं असलं, की लोक तो आपल्या कामात जोडतात. मला त्यांनी समजावलं ते असं.

"दूध तापत ठेवून तू त्याच्यासमोर उभी राहतेस का, वहिनी?"

"छे. भांडी घासते."

"आणि उतू जायच्या आत वळतेस."

"बहुतेक वेळा."

"तेच माझं काम. हजार भांड्यांत दूध ठेवलंय, हात रिकामा ठेवायचा नाही आणि एकही उतू जाऊ द्यायचं नाही."

हे फुकट वापरणारे लोक देशोदेशी आहेत. चाललं तर कोणी ब्र काढत नाही. अडलं की मात्र सगळे वन्संच्या दारात. आमचे हे याला लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात. पण दोन मशीनच्या एखाद्या बोलण्यातला पापणी लवण्याइतकाही वेळ वाचवता आला, की वन्सं जिना उतरून मला सांगायला यायच्या, आणि त्यांचा चेहरा असा असायचा की मी शिवण थांबवून "वा!" म्हणायची. कशाला वा म्हणतेय ते मला कळत नसे.

खरं कळणारा एकच होता. त्यांना मी "तिकडचे" म्हणायची, कारण ते कुठल्याशा लांबच्या देशात राहायचे. लायब्ररी दोघांनी मिळून सुरू केली आणि दोघांनीच वाढवली. पहिल्या दिवसापासून एक नियम ठेवला होता. एकाने केलेला बदल दुसऱ्याने बघितल्याशिवाय आत घ्यायचा नाही. अगदी स्वल्पविरामाचा असला तरी. बघून झालं की दुसऱ्याने लिहायचं, "बघितलं. चालेल." मग बटण दाबायचं. एवढ्या वर्षांत नियम एकदाही मोडला नाही.

दोघांची कधी भेट झाली नाही. फोनही नाही. "फोटो तरी पाहिलायस का त्याचा, ताई?" असं ह्यांनी एकदा जेवताना विचारलं, तर वन्सं म्हणाल्या, "गरज काय?" पण त्यांना काय काय माहीत होतं! तिकडचे भल्या पहाटे कामाला बसतात. थंडी फार पडली की त्यांच्या टायपिंगमध्ये चुका वाढतात. रागावले की वाक्यं लहान होतात. आणि त्यांच्याकडे एक मांजर आहे, कारण ते एकदा कीबोर्डवरून चालत गेलं आणि प्रोग्रामच्या मधोमध एक ओळभर अगम्य अक्षरं उमटली. वन्संनी ती ओळ खोडली नाही. एका चाचणीत वापरून टाकली. अजून आहे ती तिथे.

एवढ्या वर्षांत त्यांचं मोठं भांडण एकदाच झालं. वन्संचं म्हणणं होतं, पलीकडचं मशीन बराच वेळ गप्प असेल तर आपण त्याला हाक मारावी. तीन हाकांना ओ दिली नाही, तर गेलं समजून त्याची जागा मोकळी करावी. तिकडच्यांना ते पटलं नाही. त्यांनी लिहिलं, "गप्प आहे म्हणजे गेला असं नाही. कोण कधी गेला, हे ठरवणारे आपण कोण?" वन्सं आठ दिवस धुसफुसल्या आणि मग त्यांनी माघार घेतली. मला म्हणाल्या, "माणूस हट्टी आहे, पण वाईट नाही."

आणि मग याच जागी दुखणं निघालं. लोकांच्या तक्रारी येऊ लागल्या, की लायब्ररी काही दिवस नीट चालते, मग मंद मंद होत जाते आणि शेवटी बसते. तपासायला वन्संनी मला कामाला लावलं. खाली माझ्या शिवणाच्या खोलीत जुना लॅपटॉप ठेवला, वरच्या मशीनशी बोलायला त्याला नेटची तार जोडली आणि सांगितलं, "मी वरून ओरडले की तार उपटायची."

दोन दिवस त्या ओरडत होत्या आणि मी उपटत होते. वर सगळं ठाकठीक. "लोक उगाच बोंबलतात," असं म्हणून त्या पाणी प्यायला खाली आल्या, आणि तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. मी आधी फुली दाबून प्रोग्राम बंद करत होते आणि मगच तार काढत होते.

"हे काय करतेस?"

"मग! चालू मशीनची तार उपटायची? तुम्हीच शिकवलं होतंत, आधी नीट बंद करायचं."

वन्सं माझ्या स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं बाई, नीट बंद केलं की ते जाताना 'येतो' म्हणून जातं. मग मला कळतं. मला न सांगता गेलेलं हवंय."

पुढच्या वेळी मी डोळे मिटून तार उपटली. वर शांतता. मी जिना चढून गेले, तर स्क्रीनवर ते कनेक्शन अजून जिवंत दिसत होतं. खाली तार जमिनीवर पडलेली, आणि वर लायब्ररी आपली वाट बघतेय. "गॅस संपलाय आणि मी दूध उकळायची वाट बघतेय," वन्सं म्हणाल्या. अशी न सांगता गेलेली हजारो कनेक्शनं जागा अडवून बसायची, आणि जे खरोखर बोलत असायचे त्यांना जागा उरायची नाही. म्हणून सगळं मंद व्हायचं.

उपाय वन्संचा जुनाच होता, तीन हाकांचा. त्यांनी तो नव्याने, नेटका लिहिला आणि तिकडच्यांना बघायला ठेवला.

उत्तर आलं नाही.

तसे तिकडचे आधीपासूनच गप्प होते. वन्सं म्हणायच्या, सुट्टीवर असतील. मग म्हणाल्या, रागावले असतील, जुनं भांडण उकरून काढलं म्हणून. मग काहीच म्हणेनाशा झाल्या. कामाच्या ओळखीतल्या एकदोघांना त्यांनी विचारून पाहिलं. कोणालाच काही ठाऊक नव्हतं. माणूस कुठल्या गावात राहतो, घरात कोण आहे, यातलं काहीच वन्संना माहीत नाही. वाईटसाईट झालंच असेल तर त्यांना कळवणार कोण? घरच्यांनी कळवायला नातं लागतं. इथे नात्याला नाव नव्हतं. मला फार वाईट वाटलं तेव्हा, आणि वाईट वाटलं की मला राग येतो.

रागाला निमित्तही होतंच. तक्रारी वाढत होत्या. कोणा शहाण्याने लिहिलं होतं, "या कामाला कोणी वाली उरलाय का?" औषध तयार आहे आणि बाई बाटलीला बूच लावून बसल्या आहेत! बदल आत घ्यायचं बटण वन्संच्या हातात होतं. कोणाची परवानगी लागत नव्हती.

"दाबा की ते बटण," मी एका दुपारी त्यांच्यासमोर चहा आदळला.

"त्यांनी बघितलेलं नाही."

"अहो, ते बघत नाहीयेत! लोक खोळंबलेत. नियम काय देवाने केलाय?"

वन्संनी कप बाजूला सारला. "मी दाबलं ना वहिनी, की मीच म्हटल्यासारखं होईल."

"काय म्हटल्यासारखं?"

"की ते नाहीत."

त्यांची मान खाली होती, आणि पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की ही बाई या घरात आमच्याबरोबर राहते असं आम्ही समजत होतो, आणि ती एकटी राहत होती. तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं एकच माणूस होतं, आणि ते बोलायचं थांबलं होतं.

दोनतीन दिवसांनी त्यांनीच मला वर बोलावलं. शेजारी स्टूल ठेवलेलं होतं.

"बस. दुसरे डोळे लागतात, नियम आहे. तू बघ."

"मला काय कळणार त्यातलं?"

"जेवढं कळेल तेवढं."

मी चष्मा पुसला आणि बसले. बहुतेक सगळं डोक्यावरून गेलं. पण ओळींच्या मध्ये मध्ये वन्संनी साध्या भाषेत टिपणं लिहिली होती, पुढे वाचणाऱ्यासाठी. ती त्यांनी मला सांगितली. पलीकडचा गप्प असेल तर एक हाक. थोडं थांबून दुसरी. आणखी थांबून तिसरी. तिसरीलाही ओ नाही, तर जागा मोकळी करायची. नंतर तो परत आलाच, तर काही न विचारता आत घ्यायचं.

माझं तोंड मला कधी आवरलं आहे? मी विचारलं, "तुम्ही त्यांना किती हाका मारल्यात?"

"दोन."

"दोनच?"

"एकदा लिहिलं, बदल ठेवलाय, बघा. मग लिहिलं, पटत नसेल तर तसं सांगा, मी मागे घेते."

"आणि तिसरी?"

"तिसरीनंतर मोजायला काही उरत नाही, वहिनी."

त्यांचा आवाज फुटला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आमच्यात तशी रीत नव्हती.

"पहिल्या दोन्ही हाका कामापुरत्या होत्या," मी म्हणाले. "तुमच्या मनातलं एकदा विचारा."

त्यांनी लिहिलं. मला वाचून दाखवलं. "तुम्ही बरे आहात का? मांजर बरं आहे का?" एवढंच. पाठवताना त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता, माझी खोळ सरकेपर्यंत.

आठ दिवस थांबायचं ठरलं. मी रोज दुपारी चहा घेऊन वर जायची आणि काही विचारायची नाही. त्याही काही सांगायच्या नाहीत. एकदा खाली पडदा शिवताना वरची टकटक एकदम थांबली. मी मशीनवरचा पाय काढला आणि कान लावून बसले. आलं वाटतं! थोड्या वेळाने टकटक पुन्हा सुरू झाली. आलं नव्हतं.

आठव्या दिवशी दुपारी त्यांनी हाक मारली. मी वर गेले, स्टुलावर बसले. स्क्रीनवर तोच बदल होता. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नजर फिरवली, एकही ओळ न गाळता, कारण तिकडच्यांनी तसंच केलं असतं.

"बघितलं," मी म्हणाले.

वन्संचं बोट बटणावर होतं. ते हलेना. त्या समोर बघत म्हणाल्या, "दोन शब्द असतात, वहिनी."

मी म्हटलं, "चालेल."

मग त्यांनी बटण दाबलं.