गाडी कोणी बोलावली?

लोकांच्या घरी रिकामे डबे साठतात, आमच्या ऑफिसात किस्से साठतात. एकदा सगळे झाडून काढावेत म्हटलं, तर दुपारपर्यंत नवे दारात हजर!

मी पद्मा राव, राहणार कुंभकोणम. घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, म्हणून घरात अजून ती जुन्या वळणाची मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. टॅक्सीच्या एका छोट्याशा अ‍ॅपचा इथला डेस्क मी सांभाळते. डेस्क म्हणजे एक टेबल, एक पंखा, एक स्क्रीन आणि महामहम कुंडाकडे उघडणारी खिडकी. गाड्या मोजक्याच, आणि सगळ्या पांढऱ्या. स्क्रीनवर त्यांचे ठिपके हळूहळू सरकत असतात. कुंडाच्या पाण्यावर ऊन डुलत असतं. दुपारी जेवण झाल्यावर तर मला नक्की सांगता येत नाही, की ठिपके चाललेत की मीच पेंगतेय.

काम तसं एकच. ड्रायव्हर तोच आहे ना, आणि प्रवासी तोच आहे ना, एवढं बघायचं. "बस्स, एवढंच?" असं माझी वहिनी म्हणाली होती. तिला म्हटलं, एक दिवस माझ्या खुर्चीत बसून बघ!

*

आमचा मुरुगन रोज सकाळी गाडी काढण्याआधी फोनसमोर तोंड धरतो. अ‍ॅप चेहरा बघतं, हिरवी खूण देतं, की त्याचा दिवस सुरू. एकदा तो नवस फेडायला पळनीला गेला आणि डोक्याचा गोटा करून, वर चंदन थापून परत आला. फोन म्हणाला, "ही व्यक्ती ती नाही."

त्यानं हसून पाहिलं. रागावून पाहिलं. मान तिरकी करून पाहिलं. शेवटी माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "अक्का, देवानं ओळखलं, बायकोनं ओळखलं, यालाच काय धाड भरली?"

त्याचा नवा फोटो मी चेन्नईच्या ऑफिसला पाठवला आणि तोवर रोज सकाळी इथूनच बटण दाबून त्याला सोडत राहिले. चेन्नईची मंजुरी आली, पण तिनं इतका वेळ घेतला की मुरुगनच्या डोक्यावर पुन्हा दाट केस आले होते. गडी खुशीत फोनसमोर उभा राहिला.

फोन म्हणाला, "ही व्यक्ती ती नाही!"

*

आता मामांबद्दल सांगते, कारण त्यांची काळजी मला इतर सगळ्यांपेक्षा जास्त.

मामा म्हणजे सख्खे मामा नव्हेत. आमच्याच गल्लीतले, आमच्यासारखेच जुन्या मराठी घरातले राघवेंद्रराव. गणिताचे मास्तर होते. अर्ध्या गावाला त्यांनी भूमिती शिकवली, आणि आता त्यांना स्वतःच्या गल्लीचा कोपरा सापडत नाही. डोक्यातलं एकेक निसटत चाललंय. पण रोज दुपारी तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या गणपतीला जायचं, तिथल्या सावलीत तासभर बसायचं आणि परत यायचं, हे मात्र निसटलेलं नाही. तिथून आले की त्यांचा चेहरा उजळलेला असतो. गाडी त्यांच्या बायकोच्या, तुळसाबाई मामींच्या नावानं बुक होते.

एके दिवशी मामा आमच्या गाडीच्या आधीच कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. एक पांढरी गाडी आली. ड्रायव्हर खाली उतरला, अदबीनं म्हणाला, "वांगो सार," म्हणजे 'या साहेब', आणि त्यानं दार उघडलं. मामा बसले. ती गाडी आमची नव्हतीच! ती कुणा लग्नघरच्यांनी आपल्या एका वडीलधाऱ्यांना आणायला पाठवली होती.

सगळी दुपार आम्ही शोधत होतो. मामी माझ्या खुर्चीत बसून होत्या. संध्याकाळी तीच गाडी मामांना गल्लीत सोडून गेली. गळ्यात हार, हातात नारळ-विड्याची पिशवी, कपाळाला गंध.

"कोठें होतां हो?" मामींनी विचारलं.

"लग्नास गेलों होतों," मामा शांतपणे म्हणाले. "मुलगी गुणी आहे. मुलास त्रैराशिक येत नाहीं."

आम्ही हसलो, बंगळूरचा सीनू हसला नाही. सीनू त्यांचा एकुलता मुलगा. त्यानं फोनवर सरळ सांगितलं, की पुन्हा एकदा असं झालं तर दोघांना उचलून बंगळूरला नेणार. फ्लॅट तयार आहे, लिफ्ट आहे, खाली वॉचमन आहे. त्याची भीती काही खोटी नव्हती.

मामी मात्र त्या रात्री झोपल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "एथले रस्ते यांस ओळखतात गे. तेथें यांस कोण ओळखील?"

मग नियम ठरला. मामा असले तरी सूट नाही. ओटीपी सांगायचा. तो आठवला नाही तर गाडी कोणी बोलावली त्याचं नाव सांगायचं. दोन्ही नाही, तर दार उघडायचं नाही.

*

पुण्याच्या एक बाई नवऱ्याबरोबर देवळं बघायला आल्या होत्या. मुरुगन गाडी घेऊन गेला आणि त्यानं ओटीपी विचारला. बाई म्हणाल्या, "नाही आला."

आता तमिळमध्ये चारला म्हणतात 'नालु'. बाई घाईत बोलत होत्या, त्यांच्या 'नाही आला'चं 'नाला' होत होतं. मुरुगननं चार दाबला आणि पुढच्या आकड्याची वाट बघत राहिला.

"अहो, नाही आला!"

चार.

"सांगतेय ना, नाही आला! अजून नाही आला!"

चार. चार.

अ‍ॅपनं लाल खूण दिली. मुरुगननं मला फोन लावला. "अक्का, या बाईंकडे चार सोडून दुसरा आकडाच नाही. तो चुकीचा आहे म्हटलं तर अंगावर येतायत!"

मी बाईंना फोनवर घेतलं आणि आपल्या मराठीत म्हटलं, "अम्मा, भिऊं नका. मनुष्य आमचाच आहे. आपण कोठें उभ्या आहां?"

मग बाईंनी फोनवर हात ठेवला, पण मला ऐकू आलंच. नवऱ्याला सांगत होत्या, "अहो, पेशव्यांकडून फोन आलाय!"

*

आमच्या गाड्या चालवणारी एकच बाई, सेल्वी. नियमाला तिच्याइतकं कडक कोणी नाही. त्याला कारण आहे. नवीन असताना चोळपुरम्‌च्या रस्त्यावर तिच्या गाडीत एक माणूस बसला. बुकिंग एकाचं, बसला दुसराच. आधी गोड बोलला, मग नको ते बोलायला लागला. सेल्वीनं चहाच्या टपरीसमोर गाडी थांबवली, किल्ली काढली आणि उतरून माणसांत जाऊन उभी राहिली. मला फोन केला तेव्हा तिचे दात वाजत होते. ओळख पटवायची ती काय फक्त प्रवाशांसाठी? मला तेव्हा फार राग आला होता, अजूनही येतो.

तर ही सेल्वी एकदा तिरुनागेश्वरम्‌ला गेली. बुकिंग 'लक्ष्मी' नावाचं, आणि समोर पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नेसलेले मिशाळ गृहस्थ!

"तुम्ही लक्ष्मी?"

"बायकोच्या फोनवरून बुक केलीय हो."

"मग लक्ष्मी दाखवा."

गृहस्थ वैतागले. गल्लीकडे तोंड करून जोरात ओरडले, "लक्ष्मीss!"

तीन घरांतून तीन बायका बाहेर आल्या. सेल्वीनं काच थोडी खाली घेतली आणि विचारलं, "यातली तुमची कोणती?"

*

मामांना रोज नेणारा मुरुगन. जाताना मामी दारात येऊन ओटीपी सांगायच्या. येताना तोच मुरुगन, तीच गाडी, तिथेच थांबलेली. त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं. पण गंमत अशी, की नियम मामांनी फारच मनावर घेतला!

गाडीत बसण्याआधी ते मुरुगनला विचारायचे, "नाव?"

"मुरुगन, सार."

"वडिलांचं?"

"कंदसामी."

"गाव? शाळा कोणती? गणित कोण शिकवायचं?"

"तुम्हीच, सार!"

हे रोज. काल झालेलं आज त्यांच्या लक्षात नसायचं. आणि रोज शेवटच्या उत्तराला मामांच्या चेहऱ्यावर असं काही आश्चर्य पसरायचं, की मुरुगन गाडी सुरू करायला विसरून बघत राहायचा. मला म्हणाला, "अक्का, फोन मला ओळखत नाही, चेन्नई ओळखत नाही. हे मात्र रोज ओळखतात."

मी स्क्रीनवर त्यांचा ठिपका बघायची. अरसलार नदीच्या पुलावरून सावकाश जाणारा, भाताच्या शेतांच्या कडेनं, नारळांच्या सावलीतून. स्क्रीनवर ना शेत असतं ना नारळ, मला आपलं दिसायचं. खिडकीतून वारा आला की वाटायचं, तो त्या गाडीतूनच आलाय. मामा-मामी इथेच राहावेत असं मला फार वाटायचं. देवाला तसं मी सांगितलंही होतं.

*

आणि नेमका सीनू आला तेव्हाच हे घडलं!

व्यवस्था कशी चालते ते डोळ्यांनी बघतो, म्हणून तो बंगळूरहून आला आणि मामींना घेऊन माझ्या ऑफिसात बसला. मी दोघांसाठी खुर्च्या झटकल्या. मामा तिरुवलंचुळीला पोचले होते. ठिपका हिरवा. सगळं छान. तेवढ्यात मुरुगनचा फोन: गाडीचा क्लच गेला, मेकॅनिक ओढून नेतोय. मामांना त्यानं देवळापाशी फुलवालीजवळ बसवलं होतं.

मी करीमला पाठवलं. करीम त्याच आठवड्यात लागलेला, मामांना कधी न पाहिलेला. नवी गाडी म्हणजे नवा ओटीपी, आणि तो आला मामींच्या फोनवर. करीम तिथे पोचला तेव्हा मी फोन स्पीकरवर टाकला, कारण सीनू बघत होता.

"सार, ओटीपी?"

"नाही."

"नाव काय आपलं?"

बराच वेळ फक्त देवळातली घंटा आणि फुलवालीची बडबड ऐकू येत राहिली.

"माझं?" मामा म्हणाले. "होतं काहीतरी."

मामींनी ओटीपी सांगायला फोन उचलला, माझा हात गाडी इथूनच सोडायच्या बटणाकडे गेला. सीनू म्हणाला, "नको, पद्माक्का. तुम्हीच इथून सोडणार असाल तर हे सगळं कशाला? तुम्ही रजेवर असाल तेव्हा काय?" तो दुष्टपणानं बोलत नव्हता. त्याचेच डोळे भरले होते. आईकडे न बघता म्हणाला, "आई, सामान आवरायला घेऊं."

मामींनी मान खाली घातली. करीम बिचारा नियमानं पुढच्या प्रश्नावर गेला.

"सार, गाडी कोणी बोलावली?"

पंखा फिरत होता. मग मामांनी घसा खाकरला. वर्गात फळ्याकडे वळण्याआधी खाकरायचे तसा. आणि स्वच्छ मराठीत, लग्नात जसं म्हणतात तसं, म्हणाले,

"कावेरीच्या कांठीं पिकतें कोवळें पान,
तुळसाबाईचें नांव घेतों, सगळ्यांनीं द्यावा कान!"

फोनमधून करीमचा आवाज आला. "अक्का, भाषा काही कळली नाही. पण मध्ये तुळसाबाई आलं. माझ्याकडेही तेच लिहिलंय. दार उघडू?"

"उघड!" मी इतक्या जोरात ओरडले की कुंडावरची कबुतरं उडाली.

मामींनी पदरानं तोंड झाकलं होतं. "अय्यो! एवढ्या लोकांदेखत!"

सीनू खिडकीकडे तोंड करून उभा होता. मी त्याला पाणी द्यायला उठले, तर पुन्हा करीम.

"अक्का, दार उघडलंय, पण सार चढत नाहीत. काहीतरी मागतायत."

मागून मामांचा ठाम आवाज. "आतां तिनें घ्यावें. त्याशिवाय मी येणार नाहीं."

मामींच्या तोंडून नवऱ्याचं नाव आम्ही कोणी कधी ऐकलेलं नव्हतं. डॉक्टरांकडे त्या 'हे' म्हणायच्या. रेशनच्या दुकानात तर मलाच सोबत नेऊन माझ्याकडून म्हणवून घ्यायच्या! त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. सीनूनं टेबलावरचा फोन उचलला, दोन्ही हातांनी आईच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "आई, घे ना."

मामींनी पदर बाजूला केला. डोळे मिटले.

"पितळेच्या डवऱ्यांत कॉफी निवते हळूहळू,
राघवेंद्ररावांचें नांव घेतें, घरीं या, नका रेंगाळूं."

मग मामांचा आवाज आला, हरखून गेलेला.

"अरे, तो मीच कीं! चला, चला!"